तू घातलेली वाकडी वेणी

रमाकांत,

तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही. शैलावहिनींनी दोनदा विचारलं, "भाऊजी, दोन शब्द बोलता का? नागपूरपासूनचे तुम्हीच एकटे आहात इथे." मी घसा बसलाय म्हणालो. घसा ठणठणीत होता. मागच्या रांगेत बसून मी सगळ्यांची भाषणं ऐकली. कोणाच्या आईला तू बर्फातून घरी जाऊन तपासलंस, कोणाच्या मुलीला मेडिकलची वाट दाखवलीस, कोणाकोणाच्या घरच्या किल्ल्या तुझ्याकडे असायच्या. सगळं खरं होतं, म्हणूनच मला ऐकवत नव्हतं.

तेव्हा आता बोलतो. सात आठवडे झाले तुला जाऊन. मध्येच "अरे पण श्री" म्हणून मला तोडायची सोय आता तुला नाही, याचं मला फार बरं वाटतंय.

एअरपोर्टपासून सुरुवात करतो. चार वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरात नंदा बारीक होत चालली होती. मी विचारलं की म्हणायची, अ‍ॅसिडिटी आहे, शिवाय डाएट करतेय, तुमची बायको सुंदर दिसायला लागली तर तुमचं काय बिघडलं? मी नवरा, मी मूर्खासारखा हसलो. तिला स्कॅनला तू घेऊन गेलास. रिपोर्ट आला तेव्हा तिच्या शेजारच्या खुर्चीत तू बसला होतास. पॅन्क्रियाज, आणि पसरलेला. त्यानंतर बारा दिवसांनी, जानेवारीच्या सुरुवातीला, तूच मला कॅल्गरीच्या फ्लाइटसाठी सोडायला आलास.

व्हिटबीहून टोरोंटोचा एअरपोर्ट म्हणजे ४०१ हायवेवर तासभर. तो सगळा तास आपण तुझ्या विंटर टायर्सबद्दल बोललो. गॅरेजवाल्यानं तुला कसं फसवलं ते तू रंगवून सांगत होतास. उतरताना मी म्हणालो, "नंदाकडे जरा लक्ष ठेव बे. नीट जेवत नाही ती." तू माझी बॅग डिकीतून काढत होतास. माझ्याकडे न बघता म्हणालास, "ठेवतो."

त्या "ठेवतो"चा मी चार वर्षं सूड घेतला. पुरेसा घेतला नाही असं मला अजून वाटतं.

कॅल्गरीचं काम सहा महिन्यांचं होतं. मी एकसष्ट वर्षांचा. तेलाचे भाव पडलेले, ऑफिसात दर शुक्रवारी कोणीतरी खोका हातात घेऊन लिफ्टकडे जाताना दिसायचं. आपण टिकलोय याचाच मला आनंद. संध्याकाळी भाड्याच्या काँडोत खिचडी टाकून मी नंदाला फोन करायचो. कॅमेरा लाव म्हटलं की ती म्हणायची, कॅमेरा बिघडलाय. आवाज तसाच, टिंगल तशीच. मी तिला काय सांगायचो? आज उणे पंचवीस आहे, नाकातले केस गोठतात, अशी कामाची माणसं सांगतात तसली बिनकामाची बडबड. ती हसायची. मरणाच्या दारातली बाई माझ्या नाकातल्या केसांवर हसत होती आणि हे तुला माहीत होतं.

मग ईस्टर आला.

तुला सांगायला नको, पण मला आठवायचं आहे म्हणून सांगतो. आम्ही या घरात आलो त्याच वर्षी शेजारच्या कार्मेलाबाईंनी नंदाला हा पाव शिकवला होता. इटालियन घर, म्हणून स्वयंपाकघरं दोन. वरचं चकचकीत, पाहुण्यांना दाखवायचं. खरं काम बेसमेंटमधल्या स्वयंपाकघरात. तिथे उभं राहून नंदा शिकली. मैदा, दूध, लोणी, साखर, भरपूर अंडी, संत्र्याची किसलेली साल, यीस्ट. मळायचं ते हात भरून येईपर्यंत. फुगू द्यायचं, मग तीन पेडांची वेणी घालून तिची दोन टोकं जुळवून गोल करायचं. कच्चीच अंडी रंगवून वेणीच्या खोबणीत बसवायची. पावाबरोबर तीही ओव्हनमध्ये शिजतात. कार्मेलाबाई बडीशेपेसारखं कसलंसं बी घालायच्या. नंदानं सरळ आपल्या मसाल्याच्या डब्यातली बडीशेप भरड कुटून घातली. कार्मेलाबाईंनी चाखून बघितलं आणि पुढच्या वर्षी स्वतःच वाटी घेऊन आल्या, ती बडीशेप दे म्हणाल्या. तेव्हापासून गुड फ्रायडेला आमच्या घरी पाव, आणि रविवारी तू, वहिनी आणि तुमचा अमेय. अमेय अंडी उपसून काढायचा आणि खड्डे पडलेला पाव आपल्याला ठेवायचा.

त्या ईस्टरला नंदानं कॅल्गरीला फोटो पाठवला. गोल पाव, त्यात लाल-निळी अंडी. मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला, बायकोनं केलाय म्हणून. संध्याकाळी तिला म्हणालो, "काय गं, यंदा वेणी वाकडी? म्हातारी झालीस." ती एवढी हसली की तिला खोकला लागला. "हो," म्हणाली, "यंदा जरा वाकडी झालीये."

ती वेणी तू घातली होतीस. तिच्या हातात ताकद नव्हती. ती खुर्चीत बसून सांगत होती आणि माझ्या ओट्याशी, माझ्या बायकोचा अ‍ॅप्रन बांधून तू मळत होतास. मला हे तिच्या अंत्यसंस्कारानंतर कळलं.

एप्रिलच्या शेवटी तुझा फोन आला. "श्री, ये. आजचीच फ्लाइट बघ." मी आलो. अकरा दिवस मिळाले, त्यातले चार ती शुद्धीत होती. चार दिवसांत माणूस काय बोलणार? पस्तीस वर्षांच्या बायकोशी मी काय बोललो सांगू? गॅसचं बिल कुठे ठेवतेस ते विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

सगळं आटोपल्यावर तू माझ्यासमोर बसलास आणि म्हणालास, "तिनं शपथ घातली होती."

"आणि तू पाळलीस?"

"श्री, ती म्हणाली, त्याला सांगितलंत तर तो काम सोडून येईल आणि दिवसभर माझ्याकडे बघत बसेल. मला कोणी असं बघायला नको आहे. मला रोज संध्याकाळी त्याचा नेहमीचा फोन हवाय."

"ते ती म्हणाली. तू काय म्हणालास?"

"मी डॉक्टर आहे. पेशंटनं नको म्हटल्यावर मला सांगता येत नाही."

"तू तिचा डॉक्टर नव्हतास बे! माझा दोस्त होतास!"

 मी ओरडतच राहिलो. मी पुढे चार वर्षं ओरडतच होतो, फक्त आवाज न करता.

तुला वाटलं असेल ओसरेल. मी ओसरू दिलं नाही. मंडळानं गणपतीत तुझा सत्कार ठरवला तेव्हा मी कमिटीत होतो. शाल कुठून मागवायची याची चर्चा चालू असताना मी उभा राहिलो आणि म्हणालो, "ज्यानं मित्राला त्याच्या बायकोच्या मरणाची खबर लागू दिली नाही, त्याला शाल कसली देता?"  दुसऱ्या दिवशी तू अध्यक्षांना फोन करून सांगितलंस, तब्येत बरी नाही, सत्कार नको. मी जिंकलो. घरी येऊन मी चक्क शिरा करून खाल्ला.

आणि तू दर ईस्टरला पाव घेऊन माझ्या दारात यायला लागलास. पहिल्या वर्षी मी दार उघडलं नाही. तू पायरीवर ठेवून गेलास. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी यायची होती. मी तो अख्खा पाव कंपोस्टच्या हिरव्या डब्यात टाकला आणि झाकण उघडंच ठेवलं. तू सकाळी त्याच रस्त्यानं फिरायला जातोस हे मला माहीत होतं. खिडकीतून मी तुला थांबताना पाहिलं. तू डब्यात बघितलंस, झाकण लावलंस आणि पुढे गेलास. पुढच्या वर्षी पुन्हा आलास. तुझ्या वेणीत सुधारणा होत होती, त्याचाही मला राग.

गेल्या वर्षी मी दार उघडलं, तुला तोंडावर काहीतरी सुनवायला. माझ्याआधी तूच बोललास. "खा बे एकदा. तिनं मला शिकवलं ते तुला शिकवायला. तसं सांगितलं होतं तिनं."

"माझी बायको मला तुझ्याकडून शिकायची नाही," असं म्हणून मी दार लावलं. तुझ्याशी माझं शेवटचं बोलणं ते. यंदा मार्चमधल्या त्या जड, ओल्या बर्फात तू ड्राइव्हवे शोव्हल करायला गेलास आणि तिथेच कोसळलास. पेशंटना जन्मभर ओरडलास, साठीनंतर फावडं हातात घ्यायचं नाही म्हणून. सत्तरीला टेकलेला माणूस तू! या गोष्टीसाठीसुद्धा मला तुझी गचांडी धरायची आहे.

ईस्टरच्या आदल्या बुधवारी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, यांनी मैदा आणि यीस्ट आणून ठेवलंय. मला मळायला जमत नाही, हात दुखतो. तुम्ही याल?"

"वहिनी, वर्षाच्या आत सण करायचा नसतो ना?"

"ईस्टर कधीपासून आपला सण झाला?" त्या म्हणाल्या.

मी गेलो. प्रेमानं गेलो असं समजू नकोस. तुझ्या ओट्यावर, तुझ्या मैद्याचा, माझ्या बायकोचा पाव मी माझ्या हातानं करीन आणि तू नसशील, या विचारानं गेलो.

गुड फ्रायडे होता. बाहेर पाऊस. वहिनी तुझ्या अक्षरातला कागद समोर धरून वाचत होत्या, मी मळत होतो. पहिली वीस मिनिटं कणीक बोटांना नुसती चिकटत होती. "मैदा नका वाढवू," त्या म्हणाल्या, "हेही तिथेच चुकायचे. नंदा ओरडायची." मी मैद्याचा डबा दूर सारला आणि मळत राहिलो. हळूहळू ती गुळगुळीत झाली, कानाच्या पाळीसारखी. पातेल्यावर ओला पंचा टाकला आणि आम्ही चहा घेऊन बसलो. फुगायला दीड तास होता.

चहा संपता संपता वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एक सांगते. गाठ निघालीये, डाव्या बाजूला. बायोप्सी झाली. कॅन्सर आहे. ईस्टरनंतरच्या आठवड्यात ऑपरेशन."

 मी कप खाली ठेवून विचारलं, "अमेय?"

"त्याला सांगायचं नाही. तो तिकडे व्हँकुव्हरला. जूनमध्ये बाळ व्हायचंय, आत्ताच बापाला पोचवून गेलाय. बाळ होऊ दे, मग मी सांगेन. तुम्ही एक शब्द काढायचा नाही. यांची शपथ आहे तुम्हाला."

रमाकांत, माझ्यासमोर तोच पेपर आला होता जो तुझ्यासमोर आला होता. तेच प्रश्न, तीच शपथ, आणि शपथ या वेळी तुझ्या नावाची! मला हसूच येणार होतं. मी म्हणालो, "बरं." अगदी तुझ्यासारखा, न बघता म्हणालो. मग गाडीत चष्मा राहिलाय असं सांगून गॅरेजमध्ये गेलो, आणि अमेयला फोन लावला.

"काका? एव्हरीथिंग ओके?"

मी सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "शी टोल्ड मी शी इज फाइन. काल बोललो आम्ही. काका, आर यू शुअर?"

"शुअर आहे. ये."

"उद्या येतो," तो म्हणाला. आणि मग मराठीत, लहानपणीच्या त्या जड उच्चारात, "थँक यू सांगितल्याबद्दल."

गॅरेजमध्ये तुझं फावडं भिंतीला टेकून होतं. मी त्याच्याकडे बघून मोठ्यानं म्हणालो, "बघ. एवढंच करायचं होतं. दोन मिनिटं लागली." काय सांगू तुला, चार वर्षांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं. तुला हरवलं होतं मी, तुझ्याच गॅरेजमध्ये.

आत आलो. कणीक दुप्पट झाली होती. वहिनी तिचे तीन भाग करत होत्या. लपवायचं मला जमत नाही, ते खातं तुझं. मी सांगून टाकलं. "वहिनी, मी अमेयला फोन केला. तो उद्या येतोय."

त्यांच्या हातातली सुरी थांबली. "आत्ता बरं म्हणालात ना?"

"म्हणालो."

"माझ्यासाठी नाही सांगितलंत तुम्ही. यांच्यावर सूड उगवायला सांगितलंत."

"हो," मी म्हणालो. खोटं का बोलू? "अमेयसाठीही सांगितलं. पण हो."

वहिनींचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशी चढला. "मग ऐका. यांनीही तुम्हाला सांगायला फोन उचलला होता. एकदा नाही, तीनदा. तुम्हाला एअरपोर्टवर सोडून आले त्याच दिवशी जॅकेटही न काढता उचलला होता. मी हातातून काढून घेतला. मी म्हटलं, नंदाला शब्द दिलाय तुम्ही. तिचं मरण आहे, ते तिच्या मनासारखं होऊ दे, तुम्ही कोण मध्ये पडणारे? ते रडत होते. मी फोन माझ्या पर्समध्ये टाकला. चार वर्षं तुम्ही त्यांच्यावर थुंकलात. मी सांगते म्हटलं, तर म्हणाले, नको, श्रीला कोणावर तरी रागवायला लागतं, माझ्यावर रागवू दे, तुझ्यावर नको. तू एकटी पडशील."

 वहिनी रडत नव्हत्या. चिडल्या होत्या, माझ्यावर, तुझ्यावर, स्वतःवर, कोण जाणे. मग त्यांनी ते तीन गोळे माझ्याकडे सरकवले. म्हणाल्या, "पेड करा. जास्त फुगली तर फुकट जाईल."

मी पेड केले, आम्ही वेणी घातली. एक टोक त्यांनी धरलं. त्यांचा डावा हात वर जात नव्हता. अंडी बसवली, वरून फेटलेलं अंडं लावलं, पुन्हा फुगू दिलं आणि साडेतीनशे फॅरनहाइटवर पाव ओव्हनमध्ये सरकवला. बडीशेपेचा आणि संत्र्याचा वास घरभर झाला, तेव्हा वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नंदाच्या वेळी माझं चुकलं का, मला माहीत नाही. आज तुमचं चुकलं का, तेही माहीत नाही. पण उद्या तो येतोय म्हटल्यावर मला बरं वाटलं. याचाच राग येतोय."

आता माझं तुला शेवटचं. तू मला तेव्हा सांगितलं नाहीस, त्याचा राग होता. तो कुठे ठेवू आता? वहिनींवर काढू? त्या आजारी आहेत, आणि नंदाला त्यांनी जे दिलं ते मी तिला देऊ शकलो नसतो. मी बघतच बसलो असतो, नंदाचं खरं होतं. पण तू चार वर्षं माझ्या शिव्या खाल्ल्यास, सत्कार सोडलास, कचऱ्याच्या डब्यात तुझा पाव बघितलास, आणि एकदाही म्हणाला नाहीस की मी फोन उचलला होता रे. मला सूड घेऊ दिलास. लहान पोराला जिंकू देतात तसा. याची माफी नाही, रमाकांत. तू जिवंत असतास तर मी तुझ्या दारात येऊन तुला दोन मुस्काटात दिल्या असत्या, आणि मग काय केलं असतं ते मला लिहिता येत नाही.

अमेय शनिवारी आला. दारातच आईला मिठी मारून उभा राहिला, मी परत घरी निघून गेलो. रविवारी वहिनींनी मला जेवायला बोलावलं. फोनवर दोनच शब्द, "या जेवायला." ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. अमेय थांबतोय. डॉक्टर म्हणतात वेळेत सापडलंय. एवढं तुला कळावं.

जेवण झाल्यावर पाव मध्ये ठेवला. अमेयनं आता चाळिशीतही पहिलं अंडं उपसून काढलं. मी एक तुकडा कापून ताटात घेतला, तसा तो दचकला.

"काका, तुम्हाला चालतं? तुम्हाला डायबेटीस आहे ना?"

"मला? कोण म्हणालं?"

"बाबा. मी दर ईस्टरला फोनवर विचारायचो, काकांना ब्रेड आवडला का. ते म्हणायचे, बिचाऱ्याला गोड चालत नाही, पण मी नेऊन देतो, वास घेऊन खूश होतो तो."

वहिनी ताटाकडे बघत होत्या. मी तोंडातला घास गिळला. नंदाचीच चव होती, बडीशेप जरा जास्त.

"मला कसलाही डायबेटीस नाही," मी अमेयला म्हणालो. "तुझा बाप एक नंबरचा खोटारडा होता."

वहिनींनी सुरी माझ्याकडे सरकवली. मी दुसरा तुकडा कापला, पहिल्याहून जाड.